वाचकांचे प्रश्न : नाझी राजवटीतील संशोधक आणि त्यांची जबाबदारी

छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष प्रयोग केल्याबद्दल न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्याविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला होता. ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेल्या त्या खटल्यात २३ आरोपी होते आणि त्यांपैकी २० जण डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये लागलेल्या निकालात १६ जण दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी सात जणांना फाशी देण्यात आली. लेख वाचून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. मी पॅथॉलॉजी शिकवत आलो असल्यामुळे काही उत्तरे साहजिकच त्या विषयाच्या अंगाने लिहिली गेली आहेत.

प्रश्न : मेंगेलेसारखे विकृत लोक प्रत्येक काळात असतात. अशा मूठभर माणसांमुळे त्या काळातील सगळ्या संशोधनक्षेत्रालाच दोषी धरणे योग्य आहे का? (एक वैद्यकीय विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : ऑश्विट्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणारा नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याला विकृत ठरवले की बाकीच्यांची आपोआप सुटका होते, आणि म्हणूनच ही समजूत इतकी वर्षे टिकून राहिली आहे. हा मनुष्य विद्यापीठीय व्यवस्थेच्या बाहेरून आलेला नव्हता. त्याच्याकडे दोन डॉक्टरेट होत्या : म्युनिकमधून १९३५ मध्ये मिळवलेली मानववंशशास्त्राची आणि फ्रांकफुर्टमधून १९३८ मध्ये मिळवलेली वैद्यकशास्त्राची. दुसऱ्या पदवीचा त्याचा मार्गदर्शक होता ओटमार फॉन फेर्शुअर, जुळ्यांवरील संशोधनासाठी जर्मनीबाहेरही नावाजलेला आनुवंशिकीतज्ज्ञ. हा फेर्शुअर १९४२ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा संचालक झाला आणि मे १९४३ मध्ये मेंगेले ऑश्विट्झच्या छळछावणीत डॉक्टर म्हणून रुजू झाला.

मार्च १९४४ मध्ये फेर्शुअरने जर्मन संशोधन परिषदेकडे आपल्या प्रकल्पाचा प्रगती अहवाल पाठवला. आपला सहायक डॉ. मेंगेले या संशोधनात सहभागी झाला आहे, तो ऑश्विट्झच्या छावणीत डॉक्टर आहे, तेथील निरनिराळ्या वंशगटांची मोजमापे छळछावण्या ज्याच्या अखत्यारीत होत्या त्या हिमलरच्या परवानगीने घेतली जात आहेत आणि रक्ताचे नमुने तपासणीसाठी आपल्या प्रयोगशाळेत येत आहेत, असे त्यात सरळ लिहिले आहे. अनुदान देणाऱ्या संस्थेला संशोधक जसा नेहमी हिशेब देतो, तसाच हा अहवाल आहे. त्यात लपवाछपवी नाही, कारण लपवण्याजोगे काही आहे असे लिहिणाऱ्याला वाटत नव्हते आणि वाचणाऱ्यालाही वाटले नाही. त्याच संस्थेत कारिन माग्नुसेन नावाची संशोधक डोळ्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर काम करत होती. दोन डोळ्यांचे रंग वेगवेगळे असलेल्या एका सिंती (रोमा समाजाचा जर्मनीतील एक गट) कुटुंबातील माणसांचे डोळे तिला ऑश्विट्झहून पाठवण्यात आले. ही पाठवणी त्या माणसांच्या मृत्यूनंतर झाली, आणि ते मृत्यू छावणीतच घडले होते.

माझ्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण युलिउस हालरफोर्डेन याचे आहे. बर्लिनच्या बुख भागातील कैसर विल्हेल्म मेंदूसंशोधन संस्थेत तो मेंदूविकृतिशास्त्राचा विभागप्रमुख होता. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत नाझी राजवटीने 'टी-४' या मोहिमेखाली मनोरुग्णालयांतील ७०,००० हून अधिक रुग्णांना सहा ठिकाणी विषारी वायूने ठार केले, आणि मुलांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. २८ ऑक्टोबर १९४० रोजी ब्रँडेनबर्ग येथील केंद्रात जवळच्या ग्योर्डेन रुग्णालयातील मुलांना मारण्यात आले. त्या दिवशी हालरफोर्डेन तेथे हजर होता, आणि त्या मुलांपैकी सुमारे चाळीस जणांचे मेंदू त्याच्या संग्रहात आले. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या वतीने चौकशीस आलेले डॉ. लिओ अलेक्झांडर यांच्यापाशी त्याने जे सांगितले ते त्यांनी नोंदवून ठेवले आहे : या सगळ्यांना मारणारच असाल तर निदान मेंदू तरी काढून ठेवा, म्हणजे त्यांचा उपयोग होईल, असे आपण त्या लोकांना सांगितले, किती मेंदू तपासू शकाल, या प्रश्नावर जितके जास्त तितके चांगले, असे उत्तर दिले, आणि ते कोठून येतात, कसे येतात, याच्याशी आपला काही संबंध नव्हता.

हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते खोटे आहे हे आमच्या विषयातला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टरही सांगू शकेल. तपासणीसाठी कोणताही अवयव आला की सोबतच्या फॉर्मवर वय, मृत्यूचे कारण आणि मृत्यूची वेळ आम्ही आधी पाहतो. मेंदूच्या बाबतीत तर मृत्यू आणि फॉर्मॅलिन (अवयव टिकवून ठेवणारे द्रावण) यांमध्ये किती तास गेले, हे पाहिल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही, कारण मेंदूची ऊती काही तासांतच बिघडू लागते आणि तो बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतो. एकाच दिवशी मेलेल्या डझनावारी मुलांचे मेंदू ताज्या अवस्थेत आपल्या टेबलावर येत असतील, तर त्याचा अर्थ काय, हे समजायला कोणी मुद्दाम येऊन सांगण्याची गरज नसते. त्यातून हालरफोर्डेन तर स्वतःच तेथे गेला होता.

तुमच्या पत्रात अशा डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांचाही उल्लेख आहे, म्हणून तेवढे येथेच सांगतो. हालरफोर्डेन आणि त्याचा सहकारी हुगो श्पाट्स यांनी १९२२ मध्ये वर्णिलेल्या मेंदूविकाराला बराच काळ त्यांचीच नावे होती. आता तो आजार त्याच्या मूळ एन्झाइमदोषावरून ओळखला जातो. जर्मन सरकारच्या राइश आरोग्य कार्यालयाचा प्रमुख असलेल्या हान्स रायटरचे नाव काढून 'रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस' असे नाव रूढ झाले, आणि फ्रीडरिख वेगेनर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्तवाहिनीविकाराचे नावही २०११ मध्ये बदलले. परीक्षेत नवीनच नावे लिहावीत. जुनी नावे मात्र माहीत असावीत, आणि ती का गेली हेही माहीत असावे. केवळ नाव बदलून इतिहास विसरला जाणार असेल, तर ती सुधारणा अर्धवट आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : हुकूमशाहीत नकार देणे म्हणजे मृत्यू ओढवून घेणे. सुरक्षित घरात बसून आज आपण त्या डॉक्टरांचा न्याय करावा, हे कितपत उचित आहे? (एक निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर)

उत्तर : हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. परंतु नकार दिलेल्यांचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यावरून हा आक्षेप टिकत नाही.

म्युनिकजवळील एग्लफिंग-हार रुग्णालयातील डॉ. फ्रीडरिख होल्झेल यांना १९४० मध्ये मुलांना मारण्यासाठी उघडलेल्या विभागाची जबाबदारी देऊ केली गेली. त्यांनी संचालकांना पत्र लिहून ती नाकारली; हे काम आपल्या स्वभावाला आणि डॉक्टर म्हणून असलेल्या कर्तव्याला पेलणारे नाही, असे कळवले. त्यांना शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये 'टी-४' साठी तज्ज्ञ नेमण्याची बैठक झाली, तेव्हा ग्योटिंगेनचे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक गॉटफ्रीड एवाल्ड यांनी सहभागास नकार दिला आणि नंतर लेखी निषेधही नोंदवला. त्यांचे प्राध्यापकपद अबाधित राहिले. एवाल्ड राजवटीचे शत्रू नव्हते आणि त्यांच्या रुग्णालयातून रुग्ण नेले जाणे त्यांना पूर्णपणे थांबवताही आले नाही, हे खरे आहे. म्हणूनच ते उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण नकार देण्यासाठी वीर असण्याची आवश्यकता नव्हती. बढती, अनुदान, वरिष्ठांची मर्जी यांपैकी काही गेले असते, प्राण गेला नसता.

आता दुसरी बाजू पाहा. जर्मनीतील सुमारे ४५ टक्के डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले; हे प्रमाण इतर बहुतेक सुशिक्षित व्यवसायांपेक्षा जास्त होते. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू प्राध्यापक आणि डॉक्टर सरकारी नोकऱ्यांतून काढले गेले, तेव्हा त्यांच्या रिकाम्या जागांवर नव्या पिढीची नेमणूक झाली, आणि ज्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून काल काम केले होते त्यांच्यासाठी फारसे कोणी उभे राहिले नाही. संशोधकांना राजवटीने ओढून नेले, हे चित्र यामुळेच चुकीचे ठरते. बरेचसे आपल्या पायांनी गेले, कारण जे संशोधन त्यांना आधीपासून करायचे होते, त्यासाठी पैसा, अधिकार आणि माणसे या राजवटीने त्यांना मिळवून दिली. मानववंशशास्त्र संस्थेचा पहिला संचालक ऑयगेन फिशर याने मार्च १९४३ मध्ये एका वृत्तपत्रात लिहिले होते की, ज्या काळातील विचारसरणी आपल्या विज्ञानाचे स्वागत करते आणि ज्याच्या निष्कर्षांचा शासनाच्या धोरणाला तत्काळ उपयोग होतो, अशा काळात काम करायला मिळणे हे दुर्मीळ भाग्य आहे. बंदुकीच्या धाकाखाली माणूस असे लिहीत नाही.

सक्ती कोणावर होती, हेही नीट वेगळे करून पाहिले पाहिजे. मिक्लोश निस्ली हे हंगेरीतील ज्यू पॅथॉलॉजिस्ट १९४४ मध्ये ऑश्विट्झला कैदी म्हणून आणले गेले आणि मेंगेलेसाठी त्यांना शवविच्छेदने करावी लागली. अवयवांची पार्सले बर्लिनला रवाना होताना त्यांच्यावर 'युद्धसामग्री, तातडीचे' असा शिक्का मारला जाई, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांचा 'नाही' हा शब्द खरोखर त्यांचा शेवटचा शब्द ठरला असता. पार्सल बांधणाऱ्या कैद्याची आणि ते डालेममध्ये सोडवून घेणाऱ्या पगारी शास्त्रज्ञाची परिस्थिती आपण एकाच मापाने मोजली, तर तो निस्ली यांच्यावर अन्याय होईल.

याच संदर्भात १९४३ मधील दोन घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी एकत्र सांगतो. राव्हेन्सब्रूक या स्त्रियांच्या छळछावणीत १९४२ च्या उन्हाळ्यापासून कार्ल गेबहार्ट आणि त्याचा सहायक फ्रिट्झ फिशर हे सल्फोनामाइड या जंतुरोधक औषधांचे प्रयोग करत होते. रणभूमीवरील जखमेची नक्कल करायची म्हणून कैदी स्त्रियांचे पाय चिरून त्यांत जंतू, लाकडाचे तुकडे आणि काचेचा चुरा भरला जाई. इतर काही स्त्रियांची हाडे आणि स्नायू कापून काढले गेले. यांतील ७४ स्त्रिया पोलंडच्या होत्या आणि बहुतेक जणी लुब्लिन भागातील प्रतिकार चळवळीत पकडल्या गेलेल्या होत्या. छावणीत त्यांना 'ससे' म्हणत. मार्च १९४३ मध्ये या स्त्रिया कुबड्यांच्या आणि मैत्रिणींच्या आधाराने, लंगडत, छावणीप्रमुखाच्या कार्यालयावर गेल्या आणि त्यांनी लेखी निषेध दिला. निरोगी राजकीय कैद्यांवर संमतीवाचून केलेल्या या शस्त्रक्रिया आम्हाला सुनावलेल्या शिक्षेचा भाग आहेत काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. छावणीप्रमुख त्यांच्यासमोर आला नाही. घरी पाठवायच्या, तपासून दिल्या जाणाऱ्या पत्रांच्या ओळींमध्ये त्यांनी स्वतःच्या मूत्राने अदृश्य मजकूर लिहून शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे बाहेर पोहोचवली. घरच्यांनी कागद गरम इस्त्रीखाली धरला की ती अक्षरे उमटत.

यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, मे १९४३ मध्ये, बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत सल्लागार डॉक्टरांची परिषद भरली. देशातील नामवंत शल्यचिकित्सक आणि प्राध्यापक तेथे उपस्थित होते. गेबहार्ट आणि फिशर यांनी राव्हेन्सब्रूकचे निष्कर्ष व्यासपीठावरून सादर केले, आणि प्रयोग कैद्यांवर झाले हे श्रोत्यांना समजण्याजोगे होते. चर्चा झाली ती औषधाच्या परिणामकारकतेची. आक्षेप कोणीही घेतला नाही. ज्यांचा जीव प्रत्येक क्षणी टांगणीला लागलेला होता त्या स्त्रियांनी जो प्रश्न विचारला, तो विचारण्याची हिंमत प्रतिष्ठा, पद आणि संरक्षण असलेल्या एकाही प्राध्यापकाला झाली नाही, हे मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

त्याच परिषदेत बुखेनवाल्डच्या छावणीतील टायफसच्या (उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) प्रयोगांचीही माहिती दिली गेली, आणि तेथे मात्र एकाने विरोध केला. तो गेर्हार्ड रोजे, बर्लिनच्या रॉबर्ट कोख संस्थेचा उपाध्यक्ष आणि उष्णकटिबंधीय रोगांचा तज्ज्ञ. त्याला अटक झाली नाही, की त्याचे पदही गेले नाही. पण याच रोजेने डिसेंबर १९४३ मध्ये पत्र लिहून एका नव्या लशीची चाचणी बुखेनवाल्डमध्ये व्हावी अशी विनंती केली. चाचणी झाली आणि तीत सहा कैदी दगावले. न्यूरेंबर्गच्या न्यायालयात हे पत्र त्याच्यासमोर ठेवले गेले, तेव्हा आपल्याला कल्पना नव्हती असे म्हणायला त्याला जागा उरली नाही. हे चूक आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने ते भर सभेत सांगितलेही होते. आणि तरीही सात महिन्यांनंतर लशीचा निकाल हवासा वाटला, तेव्हा त्याने तीच वाट धरली. माझ्या दृष्टीने संपूर्ण खटल्यातील हा सर्वांत शिकण्याजोगा आरोपी आहे. त्याला जन्मठेप झाली, आणि १९५५ मध्ये तो सुटला.

प्रश्न : संशोधनासाठी रुग्णाची संमती घ्यावी, हा नियम न्यूरेंबर्गच्या निकालानंतर आला. मग आधीच्या कृत्यांना तो लावणे कायद्याला धरून होते काय? (एक वकील, पणजी)

उत्तर : आरोपींच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता, आणि अमेरिकेतील तुरुंगांत कैद्यांवर झालेल्या मलेरियाच्या प्रयोगांचा दाखलाही दिला होता. तो दाखला गैरलागू नव्हता; त्या प्रयोगांतील संमती कितपत मुक्त होती, यावर पुढे अमेरिकेतच गंभीर चर्चा झाली. परंतु जर्मनीत नियम नव्हते, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. प्रशियाने १९०० मध्येच संमतीवाचून प्रयोग करण्यास मनाई करणारा आदेश काढला होता, आणि २८ फेब्रुवारी १९३१ रोजी राइशच्या गृहमंत्रालयाने नव्या उपचारांविषयी आणि मानवी प्रयोगांविषयी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. रुग्णाला योग्य माहिती देऊन त्याची संमती घ्यावी, संमती नसेल तर प्रयोग करू नये आणि कोणाच्या गरिबीचा गैरफायदा घेऊ नये, हे सर्व त्यांत होते. तो दस्तऐवज त्या काळी जगातील अशा प्रकारच्या अत्यंत पुढारलेल्या नियमांपैकी एक होता. कोणत्याही खून-मारहाणीच्या कायद्याने जे गुन्हे ठरतात, ते डॉक्टरने केले म्हणून वेगळे होत नाहीत, हे तर त्याच्याही आधीचे आहे.

प्रश्न : त्या प्रयोगांतून मिळालेली माहिती आता तरी वापरावी की नाही? ती फेकून दिली, तर त्या माणसांचे मरण आणखीच वाया जाईल, असे वाटते. (एक शल्यचिकित्सक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न बहुधा डाखाउच्या छावणीतील गारठ्याच्या प्रयोगांवरून विचारला जातो. १९४२-४३ मध्ये सिगमुंड राशर याने सुमारे ३०० कैद्यांना बर्फाच्या पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवले, आणि त्यांतील ८० ते ९० जण मेले. परंतु ही माहिती मौल्यवान आहे, हे गृहीतकच कच्चे आहे. १९९० मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट बर्गर यांनी या प्रयोगांची तपासणी केली, तेव्हा त्यांत आराखडा नीट नाही, नोंदी अपुऱ्या आहेत, एका अहवालातील आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत आणि राशर स्वतः अविश्वसनीय होता, असे दिसून आले. ज्याला समोरच्या माणसाच्या जिवाची पर्वा नाही, तो आकड्यांची पर्वा करेल, असे आपण का समजावे?

पेर्नकॉफच्या शरीररचनाशास्त्राच्या चित्रसंग्रहाबाबत मात्र उत्तर इतके सोपे नाही, आणि तुम्ही शल्यचिकित्सक असल्याने ते तुम्हाला जवळचे असेल. एडुआर्ड पेर्नकॉफ १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्याशाखेचा अधिष्ठाता झाला. त्याच्या चित्रकारांनी काढलेली नसांची आणि स्नायूंची चित्रे आजही अतुलनीय मानली जातात. १९९८ मध्ये विद्यापीठाने केलेल्या चौकशीत, नाझी काळात देहदंड दिलेल्या किमान १,३७७ व्यक्तींचे मृतदेह त्या शरीररचना विभागाकडे आले होते, असे निष्पन्न झाले. क्वचित एखाद्या अवघड शस्त्रक्रियेत नस सापडत नाही तेव्हा हीच चित्रे उपयोगी पडतात. यावर २०१७ मध्ये रब्बी जोसेफ पोलाक यांनी, जे स्वतः लहानपणी छळछावणीतून वाचले आहेत, असे मत दिले की जीव वाचवण्यासाठी किंवा रुग्णाचे दुःख दूर करण्यासाठी ही चित्रे वापरता येतील, परंतु ती कोणाच्या मृतदेहांवरून आली असावीत हे रुग्णाला सांगितले पाहिजे. मला हे उत्तर पटते. मरणाऱ्यांचे मरण 'वाया' जाऊ नये, हा शब्दप्रयोग मात्र मी टाळतो, कारण 'निदान मेंदू तरी काढून ठेवा' म्हणणाऱ्या हालरफोर्डेनचा युक्तिवाद नेमका तोच होता.

प्रश्न : इरावती कर्वे यांचे शिक्षण याच बर्लिनच्या संस्थेत झाले, असे येथे ऐकले. हे खरे आहे का? (नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहणारे एक वाचक)

उत्तर : होय. इरावतीबाई १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा ती संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि ऑयगेन फिशर हाच त्यांचा मार्गदर्शक होता. त्यांचा विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतील फरक. या फरकाचा वंशाशी संबंध असावा, या अपेक्षेने तपासायला दिलेल्या कवट्या त्यांनी मोजल्या, आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच त्या परतल्या होत्या, त्यामुळे नंतरच्या गुन्ह्यांशी त्यांचा संबंध जोडण्याचे काहीही कारण नाही. परंतु वसाहतींतून आणलेल्या कवट्या तेव्हाही कपाटांत होत्या, आणि पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी त्या कपाटांत होती. फिशरने स्वतःची कीर्ती नैऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय कुटुंबांच्या अभ्यासावर मिळवली होती. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील शेकडो कृष्णवर्णीय मुलांचे गुप्तपणे निर्बीजीकरण झाले, तेव्हा कोणती मुले त्यात मोडतात याविषयीचे तज्ज्ञमत देणाऱ्यांत तो होता. एकाच गुरूच्या हाताखाली एक तरुण मराठी स्त्री हाती आलेल्या मोजमापांशी प्रामाणिक राहिली, हे आपण अभिमानाने सांगावे, असे मला वाटते. तुम्ही तेथेच असल्याने सांगतो : ती इमारत डालेममध्ये ईनेश्ट्रासे २२ येथे उभी आहे, सध्या फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर स्मृतिफलक आहे. जवळच २०१४ मध्ये खोदकामात मानवी हाडे सापडली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

प्रश्न : न्यूरेंबर्गला उभे न राहिलेल्यांचे पुढे काय झाले? आणि बळींची नावे अजूनही उघड केली जात नाहीत, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर लज्जास्पद आहे. फेर्शुअरला युद्धानंतरच्या चौकशीत नाझींच्या नुसता 'मागे मागे गेलेला' असे ठरवून ६०० मार्क दंड झाला, आणि १९५१ मध्ये तो म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचा प्राध्यापक झाला. माग्नुसेन ब्रेमेनच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत राहिली. हालरफोर्डेनने संशोधन चालूच ठेवले. १९५३ मध्ये लिस्बन येथील मज्जासंस्थाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या सहभागाला डच डॉक्टरांनी हरकत घेतली, तेव्हा जर्मन सहकारी त्याच्या बचावाला धावले.

व्हिएन्नातील हाइनरिख ग्रोस याचे प्रकरण तर एका माणसाच्या आयुष्यातून पाहता येते. ग्रोस श्पीगेलग्रुंड या बालरुग्णालयात डॉक्टर होता. तेथे जवळजवळ ८०० मुले मेली, आणि त्यांतील अनेकांचे मेंदू काचेच्या बरण्यांत ठेवून त्याने युद्धानंतरही कित्येक वर्षे त्यांवर शोधनिबंध लिहिले. तो ऑस्ट्रियाच्या न्यायालयांचा एक मान्यवर मनोविकारतज्ज्ञ बनला, आणि १९७५ मध्ये त्याला विज्ञान व कलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याच सुमारास चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या फ्रीडरिख झावरेल यांची तपासणी करण्यासाठी न्यायालयाने ग्रोसलाच पाठवले. झावरेल लहानपणी श्पीगेलग्रुंडमध्ये कोंडलेले होते; त्यांनी त्याला ओळखले आणि तसे तोंडावर सांगितले. ग्रोसने त्यांच्याविरुद्ध कडक अहवाल दिला, आणि त्यासाठी श्पीगेलग्रुंडच्या जुन्या कागदपत्रांतील मजकूर वापरला. झावरेल यांनी तुरुंगातूनच ही हकीकत वृत्तपत्रापर्यंत पोहोचवली. ग्रोसवर अखेर २००० मध्ये खटला उभा राहिला, परंतु स्मृतिभ्रंशाच्या कारणाने तो पुढे चालला नाही. सन्मान २००३ मध्ये काढून घेण्यात आला. बरण्यांतील मुलांचे दफन एप्रिल २००२ मध्ये व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत झाले. झावरेल त्यानंतर अनेक वर्षे शाळांत जाऊन मुलांशी बोलत राहिले आणि २०१५ मध्ये वारले.

नावांबाबत : जर्मनीत रुग्णांची गोपनीयता आणि नातेवाइकांच्या भावना या कारणांनी बळींची पूर्ण नावे दीर्घकाळ दडवली गेली. आजी मनोरुग्ण होती हे कळू नये, अशी कुटुंबांचीही इच्छा असे, हे मान्य केले पाहिजे. परंतु नाव लपवल्याने तो आजार लाजिरवाणा होता, ही मारणाऱ्यांचीच समजूत पुढे चालू राहते. गेल्या काही वर्षांत ही भूमिका बदलली असून जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराने 'टी-४' च्या हजारो बळींची नावे खुली केली आहेत. कैसर विल्हेल्म संस्थेची वारस असलेल्या मॅक्स प्लांक संस्थेने २००१ मध्ये क्षमा मागितली. २०१५ मध्ये बर्लिनमधील तिच्याच अभिलेखागारात पुन्हा मेंदूचे नमुने सापडल्यावर, ते कोणाचे आहेत याचा शोध घेण्याचा प्रकल्प तिने सुरू केला.

नाव शोधता येते, हे स्ट्रासबुर्गच्या उदाहरणावरून सिद्ध झाले आहे. तेथील शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक आउगुस्ट हिर्ट याला ज्यूंच्या सांगाड्यांचा संग्रह हवा होता. त्यासाठी १९४३ मध्ये ऑश्विट्झहून निवडून आणलेल्या ८६ स्त्री-पुरुषांना नाट्झवायलरच्या छावणीत मारण्यात आले. मृतदेह विभागात पोहोचले तेव्हा ऑंरी ऑंरीपिएर नावाच्या फ्रेंच सहायकाला ते ताजे असल्याचे जाणवले, आणि त्याने हातांवर गोंदलेले क्रमांक गुपचूप एका कागदावर उतरवून घेतले. हिर्टने तोंड बंद ठेवण्याची धमकी दिली होती, तरी त्याने तो कागद जपला आणि युद्धानंतर चौकशी अधिकाऱ्यांच्या हवाली केला. हान्स-योआखिम लांग यांनी त्या क्रमांकांवरून पुढे अनेक वर्षे शोध घेऊन २००४ पर्यंत सर्व ८६ जणांची नावे निश्चित केली, आणि आता ती स्ट्रासबुर्गच्या क्रोनेनबुर्ग येथील ज्यू दफनभूमीत कोरलेली आहेत. बुखच्या संग्रहातील मुलांच्या बाबतीतही रुग्णालयांची रजिस्टरे शिल्लक आहेत तेथपर्यंत हे काम होऊ शकते, आणि ते पूर्ण होऊन नावे संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध व्हावीत, या मताचा मी आहे.